बादलीचा स्वभाव

विजापूर रोडवरच्या एका कॉलेजात धर्मपाल बनसोडे एकतीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. कॉलेजची प्रत्येक वस्तू त्यांच्या डेडस्टॉक रजिस्टरात होती. पंखे, बाकं, सूक्ष्मदर्शक, पाण्याच्या टाक्या, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सांगाडासुद्धा. रकान्यांत वस्तूचं नाव, क्रमांक आणि खरेदीची तारीख असायची, ती कुणीही लिहिली असती. खरं ज्ञान समासात होतं, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: "काठीनं ढकलल्यावर फिरतो." "उजव्या पायानं लाथ मारली तरच उघडतं."

मग संस्थेनं सॉफ्टवेअर घेतलं. शिकवायला कंपनीची ऋतुजा आली. पोरगी हुशार आणि बोलायला गोड. दोन तासांत तिनं सगळं समजावलं आणि विचारलं, "काही शंका, काका?"

बनसोडेंनी कॉम्प्युटरचा पडदा खालीवर, डावीउजवीकडं नीट न्याहाळला. "समास कुटंय?"

"समास?"

"कडेची जागा. वस्तू कशी हाय ते लिहायची."

"स्थितीचा रकाना आहे की. चांगली, दुरुस्तीयोग्य, बाद. तीनपैकी एक निवडायचं."

"तीनच?" बनसोडेंचा चेहरा पडला. "अहो ताई, अकरा नंबरचा पंखा चांगला बी न्हाय आणि बाद बी न्हाय. त्यो रुसलाय."

ऋतुजा हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं एक बटण दाखवलं. त्याला कस्टम फील्ड म्हणतात म्हणाली. सॉफ्टवेअरमध्ये नसलेला रकाना आपला आपण जोडायचा, हवं ते नाव द्यायचं. ती जेवायला गेली आणि बनसोडेंनी तेवढ्यात रकाना जोडला. नाव दिलं, 'स्वभाव'. खाली दोन रिकामे चौकोन होते. एकापुढं 'अनिवार्य' आणि दुसऱ्यापुढं 'सर्व शाखांना लागू' असं लिहिलं होतं. अर्जातला चौकोन रिकामा ठेवला की अर्ज परत येतो, एवढं एकतीस वर्षांत त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांनी दोन्हीत खूण केली आणि शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट शाखेतून बसप्पाचा फोन आला. बसप्पा तिथलं स्टोअर बघायचा.

"बनसोडे, ह्यो कॉम्प्युटर येडा झालाय बघ! बादलीचा स्वभाव विचारतोय मला!"

"मग सांग की."

"बादलीला कसला आलाय स्वभाव?"

"गळती का?"

"गळती की."

"कवापासनं?"

"कवापासनं म्हंजे... भरून ठेवली की गळत न्हाय. कुणी उचलली की गळती."

"मग तेच लिही. हाय की स्वभाव!"

पलीकडं बसप्पा पुटपुटला, "यप्पा, खरंच की," आणि त्यानं फोन ठेवला. त्या दिवसापासून बसप्पाला थांबवणं अवघड झालं. त्यानं कॉलेजची घंटा, शिडी, दोन सतरंज्या आणि गच्चीवरची टाकी यांचे स्वभाव इतके सविस्तर लिहिले, की टाकीचा वाचताना बनसोडेंचे डोळे पाणावले. मंगळवेढ्याच्या महादेवीबाईंना मात्र घाई होती. त्यांनी एकशेचाळीस खुर्च्यांपुढं सरसकट 'गरीब' असं भरून टाकलं.

महिन्याभरानं तपासणी समिती आली. प्राचार्या विजयमाला मॅडमनी यादी छापून ठेवायला सांगितली आणि ती न वाचताच समितीच्या अध्यक्षांपुढं ठेवली. अध्यक्ष जाड भिंगाचे आणि कमी बोलणारे. ते मोठ्यानं वाचू लागले.

"सांगाडा, एक. स्वभाव, शांत."

मॅडमनी मान वर केली.

"कपाट, लोखंडी. स्वभाव, तापट, पण मनात काही ठेवत नाही. ध्वनिक्षेपक. स्वभाव..." अध्यक्षांनी चष्मा पुसून परत घातला. "प्राचार्यांचं भाषण सुरू झालं की बंद पडतो. मुद्दाम."

मॅडमनी बनसोडेंकडं असं पाहिलं, की दाराशी उभ्या बनसोडेंना आपलाच क्रमांक 'बाद'च्या यादीत दिसू लागला. 'मुद्दाम' तेवढं खोडायला हवं होतं, त्यांच्या मनात आलं. पण ते खोटं नव्हतं.

अध्यक्ष पुढं वाचत होते. "हाताची खुर्ची, क्रमांक चौदा. पाहुण्यांना पाडते. भार उजवीकडं टाकू नये."

ते थांबले. हळूच वाकून त्यांनी आपण बसलेल्या खुर्चीच्या हाताखाली पाहिलं. तिथं पांढऱ्या रंगात चौदा लिहिलेलं होतं.

"बनसोडे," ते अजिबात न हलता म्हणाले, "आता मी काय करू?"

"डावीकडं कला सर. सावकाश. आता मागचा पाय मी दाबून धरतो. मी 'उठा' म्हनलं की उठा, आदी न्हाय."

बनसोडे गुडघ्यावर बसले. "उठा!" अध्यक्ष ताडकन उठले आणि खुर्ची एकटीच उजवीकडं धाडकन कोसळली. समितीच्या दोघा सदस्यांनी टाळ्या वाजवल्या, मग आपण समिती आहोत हे आठवून थांबवल्या.

त्यानंतर अध्यक्षांना राहवेना. यादी हातात घेऊन ते कॉलेजभर फिरले. त्यांनी स्वतः उजव्या पायानं कपाटाला लाथ मारली; ते उघडलं. डाव्यानं मारून पाहिली, नाही उघडलं. जाताना त्यांनी अहवालात लिहिलं: "नोंदी वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळतात. असे प्रथमच आढळले."

तरी मॅडमनी ऋतुजाला बोलावलंच. "तो रकाना काढून टाका."

"काढला तर तिन्ही शाखांचे साडेतीन हजार स्वभाव पुसले जातील, मॅडम," ऋतुजा म्हणाली. "अहवालात कौतुक झालंय ते त्याच नोंदींचं."

मॅडमनी विचार केला. शेवटी रकाना राहिला, अनिवार्य मात्र उरला नाही, आणि त्याचं नाव 'शेरा' झालं. बनसोडेंना ते लागलं. शेरा साहेब मारतात, स्वभाव ज्याचा त्याचा असतो, असं त्यांनी ऋतुजाला समजावलं. तिला पटलंही, पण मॅडमपुढं जाऊन सांगायला दोघंही तयार नव्हते.

आठवड्यानं मंगळवेढ्याहून महादेवीबाईंचा फोन आला. आवाज जरा ओशाळा होता.

"भाऊ, मी सगळ्या खुर्च्यांना गरीब लिहिलंय, पर त्यातली एक लई आगाऊ निघाली. दुसरी आदी आगाऊ हुती, आता निवळली. स्वभाव कवा बदलला, त्या तारखेचा येगळा रकाना मिळंल का?"

बनसोडेंना भरून आलं. पण कचेरीची रीत ती रीत.

"मिळंल की," ते म्हणाले. "आदी कागदावर अर्ज पाठवा."