सात वेळा बसण्याची वाट

मी एक वाचले आणि कागदावर दुसरेच लिहिले होते. एवढे वाक्य लिहायला मला सहा वर्षे लागली, यावरून माझ्या धैर्याची कल्पना यावी. ज्यांच्यासमोर मी ते वाचले, ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकताना डोळे मिटणे ही त्यांची सवयच होती. "डोलं उघडं ठेवलं का मानूस तोंडाकडं पाहतो, शबुद राहून जातो," असे ते म्हणत.

खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर माझी दोन शिक्षकांची शाळा होती आणि ते तिच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते. शाळेतल्या त्यांच्या नातीचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, म्हणून तिचे पालक हेच. सही करायला ते उतारवयात शिकले, तेही माझ्याकडून. वाचता मात्र येत नव्हते. पाड्याच्या बोलीत 'तुम्ही' फारसे नाही. ते मला "गुरुजी, तू" म्हणत, आणि त्या 'तू'मध्ये आमच्या साहेबांच्या 'आपण'पेक्षा अधिक आदर असे.

शिक्षणाच्या धोरणावर मते असलेली माणसे तुम्हीही पाहिली असतील, बहुधा माईकसमोर. यांची मते व्हरांड्यात, खिचडीचे पातेले चुलीवरून उतरेपर्यंत चालत.

"अननसाचा अ कशाला, गुरुजी? पोरीनं अननस पाहला नाय. अलंबीचा लिव ना. पावसात ती रोज खाते."

"पुस्तक वरून येते, अध्यक्ष."

"पाऊस पन वरून येतो. भात कुठं लावाचा ता आमीच ठरवतो."

एकदा हात धुण्याच्या दिवसाचा फोटो पाठवायचा होता. मी मुलांना नळापुढे रांगेत उभे केले. नळाला पाणी नव्हते, परंतु फोटोत ते दिसत नाही. अध्यक्षांनी विचारले, "पानी नाय, मंग पोरां धुतात काय?" मी म्हणालो, "फोटोपुरते." ते ओहोळावर गेले, हंडा भरून आणला आणि एकेका मुलाच्या हातावर पाणी ओतले. "आता काढ," म्हणाले. त्या वर्षी मी पाठवलेल्या फोटोंपैकी खरा तेवढाच होता.

मग पटसंख्या कमी म्हणून आमची शाळा ओहोळापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करायचे ठरू लागले. अध्यक्षांनी पहिलीतल्या नातीला घेतले आणि त्या शाळेपर्यंत चालत जाऊन आले. केंद्रप्रमुख आले तेव्हा अध्यक्षांनी त्यांना अहवाल दिला.

"पोरगी सात वेला बसली."

"अध्यक्ष, अंतर नियमात आहे," केंद्रप्रमुख म्हणाले.

"तुजा नियम चालत गेला व्हता काय?"

केंद्रप्रमुख हसले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, समितीच्या संमतीचा ठराव पाहिजे. तुमच्या बदलीचंही बघू." माझे घर जव्हारला. पाड्यावर मला अकरा वर्षे झाली होती.

आमच्याकडे सभेचे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहिण्याची रीत आहे. सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', सारे तयार असते. सभेने फक्त येऊन बसायचे. त्याप्रमाणे मी संमती लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी सभेत अध्यक्षांनी विरोध केला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"लिवलंस काय, गुरुजी?"

"लिहिलं."

"मंग वाच."

मी वही डोळ्यांसमोर धरली आणि स्वच्छ आवाजात वाचले: 'सदर अंतर लहान मुलांना झेपणारे नसल्याने समितीचा या प्रस्तावास विरोध आहे.' ते डोळे मिटून ऐकत होते. "आनखी एकदा," म्हणाले. मी पुन्हा वाचले आणि या वेळी विरोधाआधी 'तीव्र' हा शब्द घातला. नसलेल्या वाक्यात सुधारणा करणारा मी एकटाच शिक्षक असेन. त्यांनी मी शिकवलेली सही मन लावून केली. बाकीच्यांनी तिच्याखाली केल्या. अध्यक्षांनी दोनदा ऐकलेले तिसऱ्यांदा कोण वाचणार?

दोन महिन्यांनी समितीची मुदत संपली. नव्या निवडीसाठी पालकसभा भरली. अध्यक्ष पुन्हा तेच होणार, यात कोणाला शंका नव्हती. तेवढ्यात मोखाड्याच्या वाटेवर जीप चालवणारा एक पालक उठला. त्याने कचेरीतून ठरावाची नक्कल आणली होती. त्याने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "शाला तूच देऊन टाकलीस, बाबा. ही बघ तुजी सही."

अध्यक्षांनी कागद घेतला आणि माझ्यापुढे धरला. "सही माजीच हाय ना, गुरुजी?"

"हो," मी म्हणालो. त्यांनी सहीबद्दलच विचारले होते, म्हणून मी तेवढेच उत्तर दिले. प्रश्नाला नेमके उत्तर द्यावे, हे मी मुलांना नेहमी सांगत असे.

ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना कळले होते. मग लोकांकडे वळून म्हणाले, "सही माजी हाय. दुसऱ्या कोनाला उभा करा." जीपवाला अध्यक्ष झाला, सर्वानुमते. तेवढे एक इतिवृत्त मी सभेनंतर लिहिले.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागले. मी जव्हारला आलो. जुने अध्यक्ष रोज सकाळी पाड्यावरची लहान मुले ओहोळापलीकडे पोहोचवू लागले. ज्यांची मुले ते नेत, तेच मागून म्हणत, "आधी शाला घालवली, आता पोरां पोचवतो." त्यांनी कोणालाही माझे नाव सांगितले नाही.

यंदा जव्हारच्या स्टँडवर तो जीपवाला भेटला. मोठ्या शाळेच्या समितीची निवड होती आणि पाड्यावरच्या बायांना अध्यक्ष म्हणून इतकी वर्षे मुले पोहोचवणारे तेच हवे होते. "पन म्हातारा नाय म्हनतो, गुरुजी. म्हनतो, माज्या सहीवर आता कोनाचा भरोसा नाय." मी निवडीच्या दिवसाची रजा टाकली.

सभा मोठ्या शाळेच्या व्हरांड्यात होती. ते शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसले होते. अधिक वाळलेले, तळपायांना भेगा. मी बोलायला परवानगी मागितली. तरुण मुख्याध्यापक अडखळले. "सर, हे विषयपत्रिकेत नाही."

"तरी लिहून घ्या," मी म्हणालो आणि रांगांमधून जुन्या अध्यक्षांपुढे जाऊन उभा राहिलो.

"अध्यक्ष, तुम्ही विरोध केला होता. मी संमती लिहिली आणि तुम्हाला विरोध वाचून दाखवला. माझ्या बदलीसाठी. शाळा तुम्ही घालवली नाही, मी घालवली. आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं. मला क्षमा करा."