खंडेनवमीला चालवलेलं मशीन

खंडेनवमीला सकाळी अकराच्या सुमारास सातपूरच्या आमच्या गाळ्यात पूजेचा नारळ फुटला. तो फोडायचा नव्हता. तो मी फोडला. (साधन : हायड्रॉलिक मशीन.)

गाळा माझ्या बायकोचा. मंजिरी इंजिनिअर. चांगली नोकरी सोडून तिने द्राक्षाच्या छाटणीतल्या काड्यांपासून ट्रे बनवायला सुरुवात केली. काड्या भरडायच्या, लगदा करायचा, साच्यात दाबायचा. द्राक्षाच्या पेटीत थर्माकोलऐवजी हे ट्रे जावेत, एवढीच अपेक्षा. पण वर्षभरात एकाही बागायतदाराने ऑर्डर दिली नव्हती. "दिवाळीपर्यंत बघते, नाही तर गाळा सोडते," असं ती म्हणू लागली होती.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक, सकाळी मोकळा. त्यामुळे भेटी ठरवणं आणि भेटीत बोलणं माझ्याकडे होतं. दिंडोरीचे एक बागायतदार, नाना, खंडेनवमीला यायला तयार झाले. त्याच दिवशी का, हे मी विचारलं नाही. (नवशिक्या बातमीदाराला मी "का" विचारायला शिकवतो.)

त्या दिवशी आईने मशीनला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, साच्यावर नारळ ठेवला आणि सांगितलं, "आज याला चालवायचं नाही."

"आई, गिऱ्हाईक येतंय."

"येऊ दे. चहा पाजू."

"चहा पाजून ऑर्डर मिळत नाही."

"वर्षभर मशीन चालवून किती मिळाल्या?"

मंजिरी हसली. मी हसलो नाही.

नाना आले. दाराशी चपला काढून त्यांनी मशीनला हात जोडले. "झ्याक पूजा केली, मावशी." मग माझ्याकडे वळले. "मशीन बघायचंय, पण..."

"लगेच!" मी म्हणालो आणि बटण दाबलं.

"अरे, नारळ!" मंजिरी ओरडली. तोवर वरचा साचा खाली आला होता. नारळाने क्षणभर दाद दिली नाही. मग दिली. पाणी नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेलं, करवंटीचा तुकडा चहाच्या पातेल्यात पडला, साच्याला पोचा आला. माळ शाबूत होती.

"अहो साहेब, काय हे?" नाना म्हणाले. "आमचे ट्रॅक्टर, फवारणीचे पंप आज माळा घालून उभे हायेत. म्हणून तर मी मोकळा. मशीन बघायचंय, पण आज नको, हेच सांगत होतो ना!"

आई पुढे झाली. "फुटला ना? देवीला पोचला. घ्या, खोबरं घ्या."

ओला सदरा झटकत नाना बसले. ते उठून गेले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. खोबरं खाताना त्यांनी फळीवरचा एक ट्रे उचलून वाकवून पाहिला.

"वापरून झाल्यावर याचं काय करायचं, ताई?"

"बागेत टाका. तुमच्याच काड्या आहेत, मातीत जातील."

मंजिरी पुढे बराच वेळ बोलत राहिली. नाना प्रश्न विचारत राहिले. गिऱ्हाइकासमोर ती इतकं बोलल्याचं मी प्रथमच ऐकलं. आधीच्या भेटींत तिच्या वाट्याला तेवढा वेळ आला नव्हता.

साच्याचा पोचा तिने स्वतः काढला. मला एका शब्दाने बोलली नाही. दसरा झाल्यावर नाना पुन्हा आले. मशीन चालताना पाहिलं, गरम ट्रे हातात घेतला आणि टेम्पोभर ट्रेची ऑर्डर दिली.

"फक्त एक अट, ताई. साहेबांनी बटनाला हात लावायचा नाय."

मंजिरीने ती तिथेच मान्य केली. सध्या माझ्याकडे गाळ्याचं शटर आहे. ते हाताने ओढावं लागतं.