वहीसाठी म्हणून करवलेली पेटी

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. खरं तर मी पत्रकं लिहिणारी बाई. मनात आलं की लिहायचं, छापायचं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात उभं राहून वाटायचं, हा माझा धंदा. आणि तरी ही एक गोष्ट तीन वर्षं माझ्या घशात अडकून आहे. धीर आला म्हणून आज लिहिते आहे असं समजू नका. मला आत्याबद्दल लिहायचं होतं. तिने मला काय काय दिलं ते एकदा नीट लिहून काढायचं होतं. पण दोन ओळी झाल्या की ही गोष्ट मध्ये येते, आणि पुढचं सगळं खोटं वाटायला लागतं. म्हणून आधी हीच.

पण लगेच सांगवत नाही. थोडं मागून येते, चालेल?

आम्ही कुंभकोणमचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून तुम्हाला हसू येईल, इतकी ती जुनी आहे. आई मी तान्ही असतानाच गेली. मला वाढवलं आत्याने, अप्पांच्या थोरल्या बहिणीने. तिने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. अप्पा पत्रकं काढायचे. दारूविरुद्ध, जातीविरुद्ध, तंबाखूविरुद्ध. पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून मी इडली खाल्लेली आहे. अप्पा गेले आणि गठ्ठे माझ्याकडे आले. मुलींच्या शाळेजवळच्या तंबाखूच्या तीन टपऱ्या माझ्या एका पत्रकाने हलल्या, याचा मला फार अभिमान होता. चहाच्या गाड्यावर मला पाहून कुणीतरी हमखास ओरडायचं, "अक्का आली रे, विझव, विझव! नाहीतर उद्या तुझं नाव छापून येईल!" सगळे हसायचे. मीही हसायचे. आत कुठेतरी सुखावायचेसुद्धा.

आणि मग मी तिरुचीला गेले. तिथे घरोघरी चिरूट वळणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांच्या खोकल्यावर, त्यांच्या हातांवर मला लिहायचं होतं. एका म्हाताऱ्याने माझ्यासमोर एक चिरूट वळला, पेटवला आणि पुढे केला. म्हणाला, "लिहिणार आहेस ना? मग आधी ओढून बघ."

माणसाने हाताने केलेली वस्तू नाकारायची कशी, म्हणून घेतला.

आणि मला तो आवडला. फार आवडला.

थांबा. इथे मला सोडू नका. बाईने चिरूट ओढला तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. दुसऱ्या कुणा बाईला यावरून कुणी बोललं असतं, तर मी संध्याकाळच्या आत तिच्या बाजूने पत्रक काढलं असतं. माझा गुन्हा तो नाही. तो एवढा देखणा नाही.

चिरूट मात्र आमच्या हवेत टिकत नाहीत. चैत्रात ते सुकून तडकतात, आश्विनाच्या पावसात त्यांना बुरशी धरते. शोधत गेले तेव्हा कळलं की त्यांच्यासाठी एक खास पेटी असते. ह्युमिडोर म्हणतात. आत ओल राखायची, कमी नाही, जास्त नाही, कायम एकसारखी. तयार पेट्या पाहिल्या. बहुतेकींना काचेचं झाकण. माझ्यासारखीला काचेचं झाकण कसं परवडावं? तेव्हा पेटी करवूनच घ्यायची. लाकूड कोणतं? सागवान नको, त्याच्या तेलाचा वास तंबाखूला लागतो. चंदन तर मुळीच नको. परदेशात यासाठी जे लाकूड वापरतात त्याचं जवळचं नात्यातलं झाड आपल्याकडे आहे, तूण. तमिळमध्ये त्याला चंदनवेंबू म्हणतात. मी पळनी आसारींकडे गेले. आसारी म्हणजे सुतार. आमच्या भागातला सगळ्यात बारीक कामाचा माणूस.

त्यांनी विचारलं, पेटी कशासाठी?

मी म्हणाले, "आजोबांच्या वहीसाठी."

विचार करून बोलले नव्हते. तोंडाला जे सगळ्यात पवित्र सापडलं ते बाहेर पडलं, एवढंच. पण ती वही म्हणजे काय होती ते तुम्हाला सांगायला हवं. आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, आमच्या घरात गायची विठ्ठलाची भजनं स्वतःच्या हाताने त्यात उतरवली होती. दौतीच्या शाईने, बाळबोध अक्षरात. आत्याला ते अक्षर वाचता येत नाही. ती तमिळ शाळेत शिकली. पण कोणत्या पानावर कोणतं भजन हे तिला पाठ होतं. मी पाच वर्षांची असताना ती मला मांडीवर घ्यायची, ओळीखालून बोट सरकवायची आणि सावकाश गायची. तिचं बोट आणि तिचा आवाज, दोन्ही जुळवत जुळवत मी अक्षरं शिकले. न वाचता येणाऱ्या बाईने मला वाचायला शिकवलं! तुम्ही आत्ता हे जे वाचता आहात, त्यातलं प्रत्येक अक्षर तिथून आलेलं आहे.

आमच्या घरची ती वही आसारींनाही ऐकून ठाऊक होती. त्यांनी रंधा खाली ठेवला. उठून हात धुऊन आले. म्हणाले, "विठ्ठलाच्या गाण्यांची वही? मग अम्मा, या पेटीला खिळा लागणार नाही." आणि खरंच, एकही खिळा न मारता, कोपरे एकमेकांत बसवून त्यांनी ती पेटी केली. तळाच्या वर बोटभर उंचीवर मी पट्ट्यांची एक जाळी मागितली होती, खाली पाण्याचा स्पंज ठेवायला. ती कशाला, असं त्यांनी विचारलं. हवा खेळावी म्हणून, मी म्हणाले. ते कौतुकाने मान हलवत राहिले. "शिकलेलं डोकं म्हणतात ते हे!"

पेटी घरी आली ती हळदकुंकू लावूनच. आत्याने तिला ओवाळलं. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बाबांची आठवण ठेवलीस गे. मज वाटलं होतं, तुज फक्त तुझी पत्रकंच."

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का? हसत हसत सांगता आलं असतं.

मी त्याऐवजी झाकण नीट बसतं का ते तपासलं. कागदाची पट्टी मध्ये धरून झाकण लावायचं आणि ओढून पाहायची. सुटली तर फट आहे. पट्टी हाताशी होती ती माझ्याच पत्रकाची, तंबाखूविरुद्धच्या. सुटली नाही. ओल मोजायचं छोटं घड्याळ मिठाच्या ओल्या चिमटीशेजारी पिशवीत बंद करून पारखलं. बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं, त्यात फडकं भिजवून पेटी आतून पुसून घेतली, आणि जाळीखाली पाण्याने भरलेला पसरट डबा ठेवून त्यात स्पंज सोडला. नवं लाकूड आधी स्वतः पाणी पितं, म्हणून पहिले काही आठवडे पेटी रिकामी ठेवावी लागते. चिरूट माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यामागे एका घट्ट झाकणाच्या डब्यात होते. आत्याला सांगितलं, वही इतक्यात ठेवायची नाही, लाकूड मुरू दे. तेवढं एक वाक्य खरं होतं.

मग एका आंदोलनाच्या कामासाठी मला महिनाभर चेन्नईला जावं लागलं. जाताना पेटीतला पाण्याचा डबा काठोकाठ भरला.

मागे नवरात्र आलं. सरस्वतीपूजेला आमच्याकडे घरातली पुस्तकं देवीपुढे मांडतात. त्या दिवशी ती उघडायची नाहीत, दुसऱ्या दिवशी विजयादशमीला उचलायची. त्या सकाळी आत्याने न्हाऊन, ओलेत्यानेच, वही उचलली आणि पेटीत ठेवली. लाकूड एव्हाना मुरलं असेल असं तिला वाटलं. शुभ दिवस होता. मला फोन केला नाही. मी आल्यावर चकित व्हावं म्हणून.

मी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. मी पेटी उघडली. चिरूट ठेवायला.

वही फुगून वर आली होती. पुठ्ठ्यावर करडी बुरशी. पानं एकमेकांना चिकटलेली, आणि जिथे सुटत होती तिथे शाई पसरून नुसतं निळं आभाळ झालेलं. बोटाखाली एक पान लापशीसारखं सरकलं. मी पाचव्या वर्षी ज्यावरून शिकले ते पान कोणतं, हेसुद्धा ओळखता येईना.

आता सांगते. मी आधी काय केलं ते.

मी आत्याला हाक मारली नाही. वही बाजूला ठेवली, जाळी उचलली, डबा काढला, पाणी मागच्या मोरीत ओतलं. स्पंज पिळून पत्रकांच्या गठ्ठ्यामागे लपवला. ओढणीने पेटीचा तळ पुसला. जाळी परत बसवली, त्यावर वही जशी होती तशी ठेवली. आणि मग ओरडले, "आत्या! हे बघ काय झालं!"

ती धावत आली. पाहिलं. खाली बसली. मग स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघायला लागली. "न्हाऊन तशीच आलें," ती म्हणाली. "हात पुसले नाहीत. लुगडं ओलं. माझ्या हाताचीच ओल गेली कां गे आत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. विचारत होती ती. खरोखर विचारत होती. मला शिकलेली समजत होती.

मी म्हणाले, "असेल."

एवढंच. एक शब्द. सरकारी लोकांच्या खोटेपणावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत; त्यांच्यातल्या कुणाला इतक्या थोडक्यात जमलं असेल असं वाटत नाही.

आणि इथे ते संपलं नाही. आसारींना कळलं, तेव्हा ते आले, पेटीत नाक घालून हुंगलं, आणि म्हणाले, "लाकूड आतून ओलंच राहिलं, अम्मा. चूक माझी." पेटी खांद्यावर घेऊन गेले, महिनाभर वाळवून परत आणून दिली. मी काय म्हणाले असेन त्यांना? "जाऊ द्या, आसारी. होतं असं." मी त्यांना क्षमा केली! मोठ्या मनाने, दारात उभं राहून.

आत्या पंधरा दिवस गायली नाही. एकादशीला जवळच्या गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात भजनाला जायची, तिथेही गेली नाही. आणि एका दुपारी आपणहून माझ्यासमोर येऊन बसली. "वही गेली, गळा आहे," म्हणाली. "घे लिहून." रोज दुपारी ती गायची, मी लिहायचे. एक भजन संपलं की सवयीने म्हणायची, "आता पान उलट." आजोबांनी कुठे शब्द खोडून दुसरा घातला होता, तेही तिला ठाऊक होतं. दोन्ही गाऊन दाखवायची. मला बालपणी जे मिळालं ते सगळं तिने मला दुसऱ्यांदा दिलं, आणि या वेळी ते माझ्याच पापातून उपसून काढावं लागत होतं. त्या दुपारींइतकी सुखी मी कधी नव्हते. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

त्याचं छोटं पुस्तक निघालं. गोविंदपुरम्‌ला लोक त्यावरून गातात. महाराष्ट्रातून पत्रं येतात, तुम्ही केवढा ठेवा वाचवलात म्हणून. वाचवला तिने. प्रस्तावनेत मी लिहिलं आहे, "घरातील ओलीमुळे मूळ वही खराब झाली." घरातील ओल! जणू ती भिंतीतून आपणच चालत आली.

वहीचा राहिलेला लगदा आता त्या कोरड्या पेटीतच असतो. चिरूट मी अजून कधीमधी गच्चीवर ओढते. ते सोडले असते तर इथे सांगायला बरं वाटलं असतं. सोडलेले नाहीत.

आणि आत्या? तेव्हापासून सरस्वतीपूजेला ती लांब उभी राहते. "तूच ठेव गे पुस्तकं. माझ्या हाताला ओल," म्हणते. अगदी सहज, कुणी आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगावं तसं. माझ्या पत्रकांचा गठ्ठा उचलायच्या आधी पदराला हात पुसते. एकदा पुसून होत नाही, पुन्हा पुसते. तीन वर्षं मी ते रोज बघते आहे. तिने मला भाषा दिली, अक्षरं दिली, आई नसलेल्या घरात आई दिली. मी तिला तिच्याच हातांचा संशय दिला.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रस्तावनेतलं ते वाक्य मी बदललं आहे. आता तिथे लिहिलं आहे की मूळ वही मी खराब केली, आणि कशी. आसारींकडे उद्या सकाळी जाईन. हे लिखाण मात्र छापायला देण्याआधी आत्याने ऐकायला हवं, कारण तिला ते वाचता येणार नाही, आणि ते माझ्या फार सोयीचं झालं असतं. ती दुपारची झोप घेऊन उठली आहे, कॉफी गाळल्याचा वास येतो आहे. मी हे कागद घेऊन तिच्यापुढे जाऊन बसणार आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. सौम्य करून नाही, मधलं गाळून नाही. ती काय म्हणेल, ते तिचं आहे.