मधली नारिंगी जागा

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांना मानणारी नाही. माहेर मोहाडीचं, विणकरांचं. कोणाच्या अंगात आलं तरी माझी आई म्हणायची, आधी दोन घास खाऊन घे, मग बोल. अशा घरात वाढले मी... तरी हे लिहिते आहे, कारण घरात कोणाला सांगायची सोय नाही.

आम्ही कारध्याला राहतो, पूल ओलांडला की भंडारा. आमचे हे तीन वर्षं जपानला होते, शहराभोवती धावणाऱ्या विजेच्या गाड्यांच्या दुरुस्ती कारखान्यात. लोकांचे नवरे परदेशातून काय काय आणतात. आमच्याकडे ते परतल्यावर महिन्याभराने जहाजाने एक मोठं खोकं आलं आणि त्यातून निघालं गाडीतलं बाक! तीसेक वर्षं धावलेली गाडी मोडीत काढली, तिचे सुटे भाग लोकांना विकले, आणि यांनी हे घेतलं. तिघांपुरता तुकडा, तपकिरी, मधली जागा तेवढी नारिंगी.

त्या रंगाचं कारण हे घरी येईल त्याला ऐकवत. मूळ बाक सात जणांचं, पण लोक ऐसपैस बसून सहा जणांतच भरून टाकायचे. मग कोणीतरी डोकं लावलं आणि मधलीच जागा वेगळ्या रंगाची केली. कोणी न सांगता तीन इकडे, तीन तिकडे, मध्ये एक असे बरोबर सात बसू लागले. दारं कशी, काचा कशा, बसायच्या जागेखाली हीटर कुठे, गाडी मध्ये एकदा पूर्ण उघडून नवी कशी केली... सगळं तोंडपाठ. बायकोने आज कोणती साडी नेसली ते मात्र विचारू नका. कापड तेवढं मी मानलं. मखमलीसारखं उभ्या धाग्याचं, इतकी वर्षं माणसं बसून उठली तरी टक्कल पडलेलं नाही.

रोज कामावरून आले की हे त्या बाकावर अगदी कडेला बसत. नारिंगी जागा रिकामी. मी चहा घेऊन गेले की म्हणत, तू खुर्ची घे न. इथूनच माझ्या डोक्यात किडा शिरला.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायका आल्या तसे हे बाकावरून उठून बाहेर गेले. माझी नणंद रेखा नारिंगी जागेवर टेकली आणि लगेच उठली.

"वहिनी, इथून आत्ता कोन उठलं? जागा गरम लागून राहिली."

तिथे कोणीच बसलं नव्हतं. मी हात लावला... माणूस उठून गेल्यावर असते तेवढीच ऊब. यांची कडेची जागाही एवढ्यात गार झालेली. पुसाची थंडी, घरात उन्हाचा कवडसा नाही, बाकाला वायर नाही. दुसऱ्या दिवशी उलटं करून पाहिलं, तर आत नुसत्या स्प्रिंगा.

तेव्हापासून मी रोज हात लावून बघू लागले. हे घरी नसले की गार. हे येऊन बसले की थोड्या वेळात ती जागा ऊबदार. तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. छे हो! माझा नुसता जळफळाट झाला. सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. इथे धरायला काहीच नाही.

शेवटी यांना सरळ सांगितलं, बाक कबाड्याला द्या, नाहीतर मी चालले मोहाडीला.

"तिकडे परक्या मानसाजवळ कोनी बसत नाही," ते म्हणाले. "लोकं उभे राहत, पन माह्या बाजूची जागा रिकामी. ही गाडी ज्या दिवशी लागे, त्या दिवशी हात टेकला का ती जागा गरम. मंग मी मुद्दाम याच गाडीची वाट पाहो."

"कोन होती?"

"मले कोनी दिसलं नाही. पन एकटं नाही वाटलं."

एकटं नाही वाटलं म्हणे! तीन वर्षं माझ्याही बाजूची जागा रिकामी होती की. तिथे कोणी ऊब द्यायला आलं नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी हे यायच्या आधीच मी पदर खोचून नारिंगी जागेवर जाऊन बसले. म्हटलं, बघू कोण उठवतं. हे आले, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या कडेला बसले. चहा झाला. कितीतरी दिवसांनी आम्ही साध्या गप्पा मारल्या, रेखाच्या घराच्या, नदीच्या पाण्याच्या. बोलता बोलता यांनी माझा हात धरला. मनात म्हटलं, जिंकले.

उठताना दुसरा हात पलीकडच्या, तिसऱ्या जागेवर टेकला. तिथे संध्याकाळभर कोणी बसलं नव्हतं. ती गरम होती.

बाक अजून घरातच आहे. मोहाडीला मी गेले नाही. याचा उलगडा मला आजही झालेला नाही, आणि तिसऱ्या जागेचं मी यांना सांगितलेलंही नाही. भीती वाटत नाही, पण एक गोष्ट राहून राहून जाळते. मी जाऊन बसले, तर ती न भांडता, न कुरकुरता सरकून बसली... तिच्या जागी मी असते, तर सरकले नसते.