विहिरीकडचा तुकडा

माझं तोंड बंद पडलं तो जुम्मा मी विसरलो नाही. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात कोणालाही विचारा, हे तोंड सहसा बंद पडत नसे. मशिदीचा कारभार माझ्याकडे, म्हणून भांडणंही माझ्याच दारात यायची. साठ सालानंतरची ही गोष्ट.

हमीदाबी विधवा होती. बापाच्या शेतातला तिचा हिस्सा भाऊ रहीम देत नव्हता आणि ती लेकरं घेऊन दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत होती. नमाजनंतर जमातीनं मला सांगितलं, रहीमला समजवा. मी ऐटीत उभा राहिलो. भावाला दोन वाटे, बहिणीला एक, हा कुराणातला हिशेब मला तोंडपाठ. पण रहीमनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि माझी बोबडीच वळली. माझी बहीण जुलेखा दर्यापूरला दिलेली. अब्बा गेल्यापासून अठरा एकर मी एकटाच वाहत होतो. बहिणीनं हिस्सा सोडला, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. तिला विचारतो कोण? ईदला कपडे आणि शेवया पाठवल्या की माझं मन साफ! ‘पुढच्या जुम्म्याला बोलू’ म्हणून मी खाली बसलो. फार लाज वाटली.

आठवडाभर दुआ मागितली, अल्लाह, रस्ता दाखव. खरं सांगतो, मला सोपा रस्ता हवा होता. बुधवारी दुपारी एक म्हातारा वाटसरू शेतात आला. त्याची गाडी चुकली होती. आमच्या विहिरीवर हातपाय-तोंड धुऊन, वजू करून त्यानं नमाज पढली, ओंजळभर पाणी प्याला.

“पानी गोड हाये. कोनं खंदली?”

“आमच्या अब्बानं.”

“किती लेकरं त्याइले?”

“दोघं. मी अन् बहीन.”

त्यानं हात उचलले. “या अल्लाह, या दोघाइच्या विहिरीले पानी राहू दे.” आणि तो स्टेशनाच्या वाटेनं निघून गेला. तो कोण, कुठला, मी विचारलं नाही. पुन्हा कधी दिसलाही नाही. मी मात्र तिथंच वावराच्या कडेला, धुऱ्यावर बसून पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याकडे जाऊन विहिरीकडचे सहा एकर जुलेखाच्या नावानं करायला अर्ज दिला. जुम्म्याला आधी तेच सांगितलं, मग रहीमकडे वळलो. तो म्हणाला, “मले काहून पाहून राहिले सगळे? देतो ना बाप्पा!” आणि हमीदाबीचा हिस्सा त्यानं खरंच दिला.

जुलेखाला मी स्वतः घेऊन आलो. वावरात उभी राहून ती म्हणाली, “भाई, मले नोको जमीन. माहेर राहू दे.”

“माहेर कुठं जाते? जमीन तुह्यी हाये. पहिले घे, मंग काय करायचं थे कर.”

पदर खोचून तिनं स्वतः दोर सोडला, बादली ओढली, पाणी प्याली आणि तोंड पुसत म्हणाली, “इतके वर्स अब्बाच्या विहिरीवर पाव्हनी म्हनून पानी पेत होती रे मी.”

मी मान खाली घातली. रस्ता मी मागितला, तो अल्लाहनं माझ्याच वावरातून काढला. त्याचे लाख शुक्र. तेव्हापासून दुआ मागताना सोपं दे असं मी म्हणत नाही. तो देईल ते घेतो, आणि कोणाला काही सांगायचं असलं की आधी आपलं वावर पाहून येतो.