खंडेनवमीचं वॉशिंग मशीन

आमच्या घरातलं वॉशिंग मशीन एकूण दीड वेळा चाललं. पहिल्यांदा ते शोरूमच्या माणसानं चालवून दाखवलं, तेव्हा पूर्ण चाललं. दुसऱ्यांदा मी चालवलं.

हे मशीन मी कपडे धुवायला घेतलंच नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. (शोरूमवाल्याला सांगितलं नव्हतं. त्यानं हाकलून दिलं असतं.) मी ते घेतलं खंडेनवमीच्या पूजेत मांडायला.

आम्ही कळस गावचे. वडील, म्हणजे आबा, ऊस करतात. मी अकरा वर्षं बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत लोखंड वाकवायच्या प्रेसवर आहे. कंपनी वॉशिंग मशीनचे पार्ट बनवते. सगळे पार्ट नाही, काही. आणि त्यातला मी एकच बनवतो : वीतभर लांबीची लोखंडी पट्टी, एका टोकाला वाकवलेली, दोन भोकांची. पहिल्या पाळीला पट्टी, दुसऱ्या पाळीला पट्टी आणि ओव्हरटाइम असला की त्यातही पट्टी. ती मशीनमध्ये नेमकी कुठं बसते, हे आमच्या विभागात कुणालाच माहीत नव्हतं. एकदा मी सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, "तुला काय करायचंय? भोकं सरळ पाड."

मी भोकं सरळ पाडत होतो. अडचण यायची ती खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या अंगणात पोतं अंथरून सगळी अवजारं मांडतात. कोयता, कुदळ, खुरपी, फवारणीचा पंप, बाजूला धुतलेला ट्रॅक्टर. माझी बायको सुनंदा शिवणकाम करते, तिचं शिलाई मशीन. ज्याच्यावर ज्याचं पोट चालतं ते त्यानं मांडायचं. आणि दरवर्षी आबा हातात कुंकवाची वाटी घेऊन विचारायचे, "दत्ता, तुझं काय मांडायचं?"

माझं काय मांडायचं? प्रेस कंपनीची. पट्टी कंपनीची. एका वर्षी मी गळ्यातलं ओळखपत्र मांडलं. आबांनी त्यावरच्या फोटोला कपाळावर व्यवस्थित कुंकू लावलं. ते काही निघालं नाही, आणि पुढं महिनाभर गेटवरचा सिक्युरिटीवाला मला "या सौभाग्यवती" म्हणून आत सोडत होता.

एखादी पट्टी खिशात घालून आणावी, तर ती सोय नाही. सुटताना डबासुद्धा उघडून बघतात. उरलेल्या भाजीत चमचा फिरवून बघतात! अकरा वर्षांत मी ट्रक भरभरून पट्ट्या केल्या, पण त्यातली एक घरी न्यायला मिळत नव्हती. शोरूममधून विकत आणायची मात्र पूर्ण मोकळीक होती. फक्त तिच्याभोवती एक अख्खं मशीन होतं.

गेल्या वर्षी शेजारचे तात्या पूजेला आले होते. तात्यांची डाळिंबाची बाग आहे आणि जीभ मोकळी आहे. पोत्यावरची माझी जागा रिकामी बघून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, पोरगं खरंच कंपनीत जातंय न्हवं? का दिसभर बारामतीत हिंडून येतंय?"

सगळे हसले. आबाही हसले, पण हसताना त्यांनी मान खाली घातली. ते मला फार लागलं. आपण दहा वर्षं राबतो आणि बापाला दाखवायला हातात काही नाही, याची लाज वाटली. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खंडेनवमीला आबांच्या हातात माझी पट्टी द्यायची.

म्हणून यंदा बोनस आला, त्यात वर्षभराचा ओव्हरटाइम घातला (म्हणजे पट्टी विकत घ्यायला आणखी पट्ट्या केल्या) आणि दसऱ्याच्या सेलमधून मशीन आणलं. सुनंदानं ते टेम्पोतून उतरताना बघितलं.

"म्या मिक्सर मागितला हुता," ती म्हणाली.

"ह्याच्यावर ऑफर हाय."

"धुणं हौदावर हुतंय की. ऑफरमधी हत्ती असला तर त्यो बी आणाल काय?"

मी तिला मशीनचे प्रोग्राम वाचून दाखवले. रेशमी कपड्यांचा वेगळा, तान्ह्या बाळाच्या कपड्यांचा वेगळा, लोकरीचा वेगळा. आमच्या घरात लोकरीचं म्हणजे आबांचं घोंगडं, आणि त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. सुनंदा ऐकून घेऊन भाकरी थापायला गेली.

शोरूमच्या माणसानं हौदाजवळच्या ओट्यावर मशीन बसवलं, नळ जोडला, चालवून दाखवलं. आवाज नाही, हादरा नाही. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली.

माझी दुसरी पाळी होती, त्यामुळं पूजा सकाळीच धरली. मशीनला झेंडूची माळ घातली. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं जमली. तात्या तर सगळ्यात पुढं. आबा वाटी घेऊन आले आणि मशीनभोवती एक फेरी मारली.

"ह्यातलं तुझं कंचं?"

"माझं आत हाय, आबा."

"आत म्हंजी कुठं?"

"असंल कुठंतरी."

"अकरा वरसं करतूय आन कुठं बसतंय म्हाईत न्हाय? मग मी कुकू कुठं लावू?"

प्रश्न रास्त होता. मी घरातून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला. मागं लाल अक्षरांत 'उघडू नये' असं स्टिकर होतं.

"आवं, गॅरंटी जाईल!" सुनंदा म्हणाली.

"मी कंपनीतला माणूस हाय," मी म्हणालो. हे वाक्य आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

स्टिकर फाडलं, दोन स्क्रू काढले, वरचं झाकण सरकवलं. आणि समोर माझी पट्टी! एक नाही, दोन! ड्रमच्या वर, डाव्या-उजव्या बाजूला, बोल्ट टाकून पक्क्या बसवलेल्या. तोच वाक, तीच भोकं, सरळ! मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की ट्रॅक्टरखालचं कुत्रं पळालं.

आबांनी टॉवेलनं चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. मग पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही तू केलीस?"

"व्हय, आबा."

"कड चांगली घासलीया. हाताला लागत न्हाय."

अकरा वर्षांत माझ्या कामाला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस. माझे डोळे भरून आले. आबांनी दोन्ही पट्ट्यांना कुंकू लावलं, हळद लावली. तिथंच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

"आन ही धरून काय बसलीया?" आबांनी विचारलं.

सगळे वाकले. माझ्या दोन पट्ट्यांनी दाबून धरलेला, चांगला जाडजूड, सिमेंटचा ठोकळा होता.

"दगूड!" तात्या म्हणाले.

"वजनाला घातलाय," तात्यांनी निकाल दिला. "आरं, माझ्या क्रेटात तळाला दोन बारकी डाळिंबं निघाली तर व्यापारी चारचौघांत शिव्या घालतूय. हितं ह्यांनी अख्खा दगूड घातलाय!"

मला आठवलं, शोरूमवाल्यानं मशीन थोपटून सांगितलं होतं, "वजनदार पीस आहे, उचलून बघा." आम्ही उचलून बघितलं होतं आणि खूशही झालो होतो! मी लोखंडाचा माणूस. मशीनमध्ये सिमेंट कशाला असेल, हे मला सांगता येईना.

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजी अकरा वरसं तू लोकांच्या मशिनीत दगूड बांधून देतूस?"

"आबा, मला कुठं म्हाईत…"

"उसाच्या ट्रॉलीत मी कवा मातीचं ढेकूळ जाऊ दिलं न्हाय. आन माझं पोरगं…"

कुंकू लावलेल्या पट्ट्यांकडं ते असे बघत होते, की मला तिथून उठून कंपनीत जावंसं वाटलं. तेही चार तास आधी.

"काढ त्यो," आबा म्हणाले.

मला शंका आली नाही असं नाही. पण बाप, तात्या आणि पंधरा-वीस माणसं समोर असताना शंका कुणाला सांगणार? मी बोल्ट सोडले. पट्ट्या आबांच्या हातात दिल्या. ठोकळा तिघांनी धरून खाली ठेवला. तात्या म्हणाले, "आता चालवून बघा. चाललं, तर दगूड फुकाटचा!"

हे सगळ्यांना पटलं. सुनंदानं कपडे द्यायला नकार दिला, म्हणून मी घरातली सगळ्यात जाड गोधडी आणून कोंबली. मशीन सुरू झालं. पाणी आलं, गोधडी सावकाश फिरायला लागली.

"बघा!" तात्या ओरडले. "दगडाबिगर चाललं!"

"आज कंपनीत गेलास की सायबाला सांग," आबा मला म्हणाले. "म्हणावं, ह्यो धंदा बरा न्हाय."

लोक थांबून राहिले. व्यापारी वजनकाट्यावर कसं फसवतात ते तात्या साऱ्यांना सांगत राहिले. सुनंदानं चहा दिला. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात मशीन पिळायला लागलं.

आधी ते नुसतं थरथरलं. मग झेंडूची माळ उडून तात्यांच्या चहात पडली. मग मशीननं पहिली उडी मारली. नळाचा पाइप निघाला आणि पाण्याचा फवारा थेट पूजेवर! दुसऱ्या उडीत ते ओट्यावरून उतरलं, तिसरीत कोयत्यांकडं निघालं. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. तात्या तर ट्रॅक्टरवर चढले आणि वरून सूचना द्यायला लागले, "धर! धर की! कंपनीतला माणूस न्हवं का तू?"

मी मशीनला मिठी मारली. त्यानं मला दोन हात पुढं नेलं.

"आवं सोडा, हात जाईल!" म्हणत सुनंदानं बोर्डातली पिन ओढली. (एवढ्या सगळ्यांत हे तिला एकटीलाच सुचलं.) मशीन थांबलं, डुललं आणि तोंडावर कुदळीवर पडलं. काच गेली, पत्रा चिरला. गोधडी अर्धी बाहेर आली.

दसरा झाल्यावर बारामतीहून मेकॅनिक आला. आत डोकावला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "दगड कुठाय?"

मी अंगणातल्या ठोकळ्याकडं बोट केलं. मग त्यानं शांतपणे सांगितलं, की ड्रम जोरात फिरतो तेव्हा मशीनला जागेवर धरायला तो दगड असतो. असल्या प्रत्येक मशीनमध्ये असतो. "आणि दगडाला ह्या दोन पट्ट्या धरतात. ह्या सैल झाल्या तरी मशीन घर सोडून जातं. काढल्या कुणी?"

"पट्टी माझ्या पोरानं केली," आबा पुढं होऊन म्हणाले. इतक्या ताठ मानेनं बोलताना मी त्यांना बघितलं नव्हतं. "आन काढली बी त्यानंच."

गॅरंटीचं मी विचारलं. मेकॅनिकनं फाटलेल्या स्टिकरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चहा मागितला.

आबांनी त्या दोन पट्ट्या कोयत्याशेजारी खुंटीला टांगल्या आहेत. निमगावच्या बाजारात कुणी भेटलं, की ते सांगतात, "माझ्या पोराच्या पट्टीबिगर मशीन उभं ऱ्हात न्हाय. आमी करून बघितलंय." ऐकणाऱ्याला वाटतं, मी मोठा इंजिनिअर आहे. मी तिथून हळूच भाजी घ्यायला सरकतो.

मशीन भंगारात गेलं. दगड तेवढा भंगारवाल्यानं घेतला नाही. सुनंदानं तो हौदापाशी सिमेंट लावून पक्का बसवला आणि धुण्याचा दगड केला. मशीन मी मोडलं, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्या दगडावर धुणं मी आपटतो, असा घरात कायदा झाला आहे. मागच्या आठवड्यात तात्यांच्या बायकोनं कुंपणापलीकडून तिला मुद्दामच विचारलं, "काय गं सुनंदा, मशीन चालतंय का?"

"चालतंय की," सुनंदा माझ्याकडं बघत म्हणाली, "पर रविवारीच. बाकीच्या दिवशी कंपनीत जातंय."