ओळख न पटलेली फ्लॉपी

ज्याचे रूप कोणत्याही काचेत मावत नाही आणि तरीही प्रत्येक चेहऱ्यात थोडे थोडे दिसत राहते, त्या पांडुरंगाला आणि आमच्या गडावरच्या महालक्ष्मीमातेला प्रथम वंदन करतो.

फोटो स्टुडिओत किस्से कोणी मुद्दाम साठवीत नाही. निगेटिव्हच्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि वर्षांनी एखादा डबा उघडावा तर आत एकाला एक चिकटलेले निघतात. डहाणू रोड स्टेशनजवळच्या हसमुखभाईंच्या स्टुडिओत मी रिटचिंग करीत असे. निगेटिव्हवरचे डाग आणि ओरखडे बारीक पेन्सिलीने झाकायचे, एवढेच माझे काम. संध्याकाळी मसोलीच्या भजनात टाळ धरीत असल्यामुळे सगळे मला बुवा म्हणत. हसमुखभाई गुजराती, पण मराठी माझ्यापेक्षा जास्त बोलत. त्यांना एकच अभिमान होता: आपल्या दुकानातून कोणी चेहरा घेतल्यावाचून परत गेलेले नाही. दर नव्या कॅमेऱ्याबरोबर हा अभिमान पणाला लागे. कॅमेरे पुढे धावत, आणि त्यांनी टिपलेले उघडून दाखवणारी आमची यंत्रे मागे राहत.

०

ऐंशीच्या दशकाचा आरंभ होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा माझ्याकडे असे. त्या वर्षी मोठ्या लाकडी कॅमेऱ्यासमोर बसलो आणि विचार पडला, याचे कपाळ कोणते? पुष्कळ चिंतन करून मी गंध लावले ते थेट भिंगाला.

हसमुखभाईंनी ते रुमालाने पुसले खरे, पण चंदन ते चंदन. पुढचे दोन दिवस सगळे फोटो धुक्यातून काढल्यासारखे आले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई फोटो न्यायला आल्या. आम्ही दोघेही मान खाली घालून उभे होतो. बाईंनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"सुरकुत्या कुठे गेल्या हो माझ्या? पुढच्या महिन्यात बहिणीला आणते, तिचाही अस्साच काढा."

हसमुखभाई गंभीरपणे म्हणाले, "बाई, आता एकदम पुढच्या दसऱ्याला."

०

पुढे अरुंद फिल्मचे छोटे कॅमेरे घरोघरी आले. फोटो मोठा करून उमटवणाऱ्या आमच्या एन्लार्जरची निगेटिव्ह धरायची चौकट रुंद होती. नवी फिल्म तीत ठेवली की घसरून पडे. नवी चौकट मुंबईहून यायला वेळ होता. हसमुखभाईंनी पुतण्याच्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापला आणि मापाची खिडकी पाडून बसवला. दीड वर्ष तालुक्यातील सगळे चेहरे त्या लग्नपत्रिकेतून बाहेर पडले.

खरी धातूची चौकट आली तेव्हा त्यांनी ती कपाटात ठेवून दिली. मी कारण विचारले.

"बुवा, पुठ्ठ्याला आता माणसं ओळखता येतात ने."

०

मग रंगीत रोल आले. ते धुवायला मुंबईला पाठवावे लागत. तलासरीच्या एका लग्नाचा पहिला रोल हसमुखभाईंनी धीर न धरवून आपल्याच काळ्या-पांढऱ्या औषधात बुडवला. "माणसं तीच, पाणी तेच, मग रंग कुठे जाणार?" असे त्यांचे म्हणणे. चेहरे आले, रंग मात्र गेले ते गेलेच.

मग माझी कुंचली निघाली. फोटो हाताने रंगवायचे ठरले. नवरीचा शालू कोणत्या रंगाचा, हे विचारायला गेलो. मुलीची आई म्हणाली, लाल. मुलाची आई म्हणाली, हिरवा, मी स्वतः पसंत केलेला. दोघींपैकी एकीला खोटे ठरवण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी दोन प्रती केल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि ज्या त्या घरी पोचवल्या.

महिन्याने नवरी स्वतः दुकानात आली. दोन्ही फोटो तिने काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि हळूच म्हणाली, "काका, पिवळा होता."

त्या संध्याकाळी देवासमोर मी नियम घेतला: फिल्मवर जे नाही ते आपल्या हाताने काढायचे नाही.

०

त्या नियमाची परीक्षा गंजाडच्या लखमाने घेतली. लखमा आणि त्याची बायको भिकी, शेतीवर राबणारी माणसे, नवे कपडे घालून जोडीचा फोटो काढायला आली. दिवा चमकला की लखमाचे डोळे मिटत. एकदा, दोनदा, तीनदा.

हसमुखभाईंनी युक्ती सांगितली. "आधी मिटून घ्या, तीन म्हटलं की उघडा."

लखमाने दोनला उघडले आणि तीनला मिटले.

भिकी पदराआड हसत म्हणाली, "भाई, लग्नाला वीस वर्षं झाली. माझ्याकडं बघायचं म्हटलं की यांचं असंच."

हसमुखभाईंनी मला बाजूला घेतले. "बुवा, पेन्सिलीच्या चार रेघा. डोळे काढून द्या ने."

"फिल्मवर नाहीत ते मी कुठून आणू?"

ओला फोटो भिकीला दाखवला. तिने मान हलवली. "झोपलेला माणूस भिंतीवर कशाला लावू? तो घरात आहेच."

जोडी रिकाम्या हाताने गेली. चेहरा न घेता गेलेले आमचे पहिले गिऱ्हाईक. हसमुखभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पाठवला, तोही बिनसाखरेचा.

०

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दुकानात कॉम्प्युटर आला. तो चालवायला हसमुखभाईंची सून दक्षा बसू लागली. दसऱ्याला मी तबक घेऊन निघालो, तशी ती खुर्ची सोडून आडवी उभी राहिली.

"काका, हात जोडा, आरती करा, हवं तर त्याला भजन ऐकवा. पण गंध माझ्या कपाळाला लावा, याला नाही."

आमचा जुना किस्सा घरात पोचलेला होता.

०

त्याच हिवाळ्यात भिकीबाई एकट्या आल्या. लखमा गेला होता. आठ दिवस झाले होते. त्यांनी पदराच्या गाठीतून एक फ्लॉपी काढली.

तलासरीच्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे परदेशातून आलेला, पोटात फ्लॉपी बसणारा कॅमेरा होता. गंजाडला एका लग्नात त्यांनी लखमाचा फोटो काढला होता आणि आता ती फ्लॉपीच देऊन टाकली होती.

"डॉक्टर म्हणाले, झकास आलाय. तेराव्याला पाटावर ठेवायला पाहिजे, भाई. दुसरा फोटो नाही त्यांचा."

दक्षाने फ्लॉपी घातली. पडद्यावर चौकट आली: या प्रकारची फाइल ओळखता येत नाही. तिने चार प्रकारे उघडून पाहिली. डॉक्टरांनी कॅमेऱ्यात सर्वांत उत्तम प्रतीची खूण निवडली होती आणि तो कॅमेरा त्या प्रतीचा फोटो फ्लॉपीवर आपल्याच पद्धतीने लिहीत होता. आमच्या सॉफ्टवेअरचा जन्म त्या कॅमेऱ्याच्या आधीचा. मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, नवी आवृत्ती येईल, तिला हा कॅमेरा कळेल. चारसहा महिने धरा.

तेरावा पाच दिवसांवर होता.

हसमुखभाई पडद्याकडे पाहत राहिले. "फाइल बसत नसेल तर मी पुठ्ठ्याचं काहीतरी कापून देऊ?"

दक्षा हसली नाही. "पप्पा, ही फाइल आता फक्त तिच्या कॅमेऱ्यालाच ओळखते."

"मग कॅमेऱ्यालाच बोलवा ने."

०

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः कॅमेरा घेऊन आले. फ्लॉपी आत गेली, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर, दोन बोटे रुंद पडद्यावर, लखमा उमटला. हसमुखभाईंनी मागच्या खोलीतून तो जुना लाकडी कॅमेरा बाहेर काढला, वरची धूळ धोतराच्या सोग्याने झटकली, नवा कॅमेरा पाटावर गणपतीसारखा बसवला आणि सर्वांत जुन्याने सर्वांत नव्याचा फोटो काढला.

निगेटिव्ह माझ्या पुढ्यात आली. चेहरा नखाएवढा, आणि मोठा करावा तर कणाकणांनी फुटलेला. नाक होते, मिशी होती, हसू होते. डोळ्यांच्या जागी दोन पुसट ठिपके. मी भिंगातून पाहिले, उजेडात धरून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ते मला उघडेच वाटले. देवाचे नाव घेतले, पेन्सिलीला टोक केले आणि जे आहे तेच स्पष्ट करीत आहे अशा समजुतीने डोळे काढले.

भिकीबाईंनी काच बसवलेला फोटो हातात घेतला. पदराने काच पुसली, पुन्हा पुसली आणि फोटो उराशी धरून गंजाडच्या गाडीकडे गेल्या. हसमुखभाईंनी त्या दिवशीचा चहा स्वतः करून मला दिला. साखर दुप्पट होती.

०

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईहून नवी सीडी आली. दक्षाने कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेली ती फाइल उघडली. कॉम्प्युटरने काही तक्रार केली नाही. लखमा पडदाभर प्रकट झाला, मिशीचा केस न् केस दिसावा असा. तोंडभर हसत होता.

डोळे घट्ट मिटलेले होते.

दक्षा माझ्याकडे पाहीना. हसमुखभाई म्हणाले, "बुवा, कोणाला कळणार आहे?"

"मला कळले ना."

खरी प्रत काढून घेतली आणि सकाळच्या एसटीने गंजाडला गेलो. भिकीबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. समोरच्या भिंतीवर माझा लखमा होता. ताजी झेंडूची फुले घातलेली. मी खाली बसलो आणि नियमापासून ठिपक्यांपर्यंत सगळे सांगितले. म्हणालो, "बाई, ते डोळे लखमाचे नाहीत, माझ्या पेन्सिलीचे आहेत. हा खरा घ्या. तो उतरवून मला द्या."

त्यांनी पिठाचे हात पुसून खरा फोटो घेतला. पाहता पाहता मोठ्याने हसल्या. "हेच ते. अगदी हेच." मग भिंतीकडे पाहिले, चुलीकडे पाहिले, आणि तो फोटो कागदात गुंडाळून माझ्या हातात परत ठेवला.

"हा तुम्ही घेऊन जा, बुवा. असे तर ते मला पाठ आहेत. भिंतीवरचे राहू द्या, ते माझ्याकडं बघतात."

०

ऐकणाऱ्या प्रत्येकाला आणि प्रत्येकाच्या घरादाराला पांडुरंग सुखात ठेवो. चुली पेटत्या राहोत, माणसे नांदती राहोत आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी कोणाकडे मायेने पाहत राहो.